मुंबईत भाड्याची खोली आणि उडालेली झोप

मे महिन्यात एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे रत्नागिरीला समुपदेशनासाठी आली, देवरुखच्या बाजूची माणसं. त्याला आपण ओंकार म्हणू. "मॅडम, नोकरी लागली तर खूश व्हायचं सोडून हा रात्रभर मोबाईल बघत बसतो, जेवणाकडेपण लक्ष नाय." नोकरी अंधेरी ईस्टला, हातात 32 हजार, जॉईनिंगला वीस दिवस. आणि त्याचं एकच, मला मुंबईत घर मिळणार नाही, मिळालं तर परवडणार नाही, फसवतील. हा प्रश्न घेऊन दरवर्षी चार-पाच पोरं तरी येतातच माझ्याकडे.

फसवतील ही भीती उगाच नव्हती. ऑनलाईन एक फ्लॅट बघितला, समोरचा म्हणाला मी आर्मीत आहे, पोस्टिंग बाहेर आहे, टोकन पाठव मग चावी देतो. याने 5 हजार पाठवले आणि नंबर बंद. घरी सांगितलंच नव्हतं, माझ्यासमोर पहिल्यांदा बोलला, आई बघतच राहिली. त्यांना आधी सायबर हेल्पलाईनचा 1930 नंबर दिला. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही, हे तो आता जन्मात विसरणार नाही.

मग त्याची वही बघितली. बावीस जाहिराती, आणि प्रत्येकीपुढे फक्त भाडं, त्याला लाल गोल. म्हटलं, अरे नुसतं भाडं लिहून काय कळणार? जोगेश्वरी ईस्टचा एक जुना वन बीएचके घेतला. भाडं 27 हजार, डिपॉझिट 75 हजार, दलाली एका महिन्याचं भाडं, म्हणजे पहिल्याच दिवशी 1 लाख 29 हजार. हा आकडा त्याने कधी मांडलाच नव्हता, नुसता छातीवर घेऊन फिरत होता. तीन जणांत वाटला तर 43 हजार, पुढे महिन्याला 9 हजार. नालासोपाऱ्याला एकट्याला तेवढ्यात घर मिळत होतं, पण रोज जाऊन-येऊन तीन तास आणि विरार लोकलची गर्दी, ते कुठल्या कॉलममध्ये लिहिणार? शेवटी लिहिलंच, "वेळ" म्हणून.

मी काय एजंट नाही, पण अर्धी चिंता गणिताची असेल तर नुसतं दीर्घ श्वास घे सांगून काय उपयोग (श्वासाचे व्यायामही दिले, ते त्याने केले नाहीत). जाहिरातीतलं भाडं म्हणजे मालकाची अपेक्षा, खरा भाव त्याच बिल्डिंगमधल्या वॉचमनला आणि भाडेकरूंना विचार, पाणी किती वाजता येतं तेही विचार, मेंटेनन्स भाड्यात धरलाय का तेही. आणि अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट, म्हणजे भाड्याचा लेखी करार, रजिस्टर झालंच पाहिजे, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, नुसत्या नोटरीवर भागवू म्हणाला तर उठून यायचं.

नोकरीवाल्या ग्रुपमधून दोन पार्टनर त्यानेच शोधले, एक चिपळूणचा निघाला. बघायला दोघं मिळून गेले, पहिली दोन घरं सोडली, तिसऱ्याला मालकाने हजार कमी केले.

जूनच्या शेवटी त्याचा मेसेज आला, ॲग्रीमेंटच्या एका पानाचा फोटो. "मॅडम, घर सोडताना पेंटिंगचे पैसे डिपॉझिटमधून कापणार असं लिहिलं होतं, मी रजिस्टर करायच्या आधी काढायला लावलं." आईला फोन केला, झोपतो का आता? "झोपतो वो, पण तिकडचे मासे ताजे नसतात म्हणून रोज फोनवर रडतो."