सशांच्या कॉक्सिडिओसिसवर कडुनिंब किंवा लसणाचा अर्क चालतो का?

पूरक म्हणून कदाचित, औषधाऐवजी नाही.

कॉक्सिडिओसिस आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होतो. त्याच्या बहुतेक जाती आतड्यात वाढतात, आयमेरिया स्टीडी मात्र यकृताच्या पित्तनलिकांत. कडुनिंब, लसूण आणि आर्टेमिसिया ही औषधी वनस्पती यांच्या अर्कांवर प्रयोग झालेत आणि काहींत लेंड्यांमधली ऊसिस्टची (परजीवीच्या अंड्यासारख्या, कवच असलेल्या अवस्थेची) संख्या घटलेली दिसते. पण घटणं म्हणजे संपणं नव्हे. शिवाय प्रयोगातला अर्क मोजून-मापून दिलेला असतो. घरी पाला उकळून काढलेल्या पाण्यात नेमकं किती द्रव्य उतरलं, हे कोण सांगणार? लसूण तर मी देणारच नाही, जास्त झाला तर सशाच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

साधारण एक ते तीन महिन्यांच्या पिल्लांना धोका सर्वात जास्त. जुलाब, पोट फुगणं, खाणं सोडणं दिसलं की अर्काची वाट पाहू नका. लेंड्या तपासून घ्या आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने टोल्ट्राझुरिल किंवा सल्फा गटातलं औषध सुरू करा.

खरा फरक पिंजऱ्याने पडतो. ताज्या लेंडीतलं ऊसिस्ट लगेच संसर्ग करत नाही. ओलावा आणि ऊब मिळाली की दोन-तीन दिवसांत तयार होतं. म्हणून रोज सफाई, जाळीचा तळ, कोरडी जागा. नेहमीची जंतुनाशकं त्याच्यावर फारशी चालत नाहीत, उकळतं पाणी किंवा वाफ चालते.

कानातल्या खरजेसाठी विचारत असाल तर तो माइट (अगदी बारीक कीटकासारखा जीव) वेगळा, उपचारही वेगळे. तिथे फिप्रोनिल हे पिसवा-गोचिडांवरचं औषध चुकूनही वापरू नका, सशांना ते घातक आहे.