मोठ्या मायला सोशिक म्हणू नका

म्युनिकहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. जरा आटोपतं करून देते.

"आमची मोठी माय, म्हणजे वडिलांची आई, गेल्या वर्षी अमळनेरजवळच्या आमच्या गावी वारली. मला जाता आलं नाही, दहावं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. आता वर्षश्राद्ध येतंय. इथल्या चार-पाच मराठी कुटुंबांना बोलावून तिच्या आठवणी सांगाव्यात असं मनात आहे. चुलतभावाने दोन पानं लिहून पाठवली: प्रेमळ, सोशिक, देवभोळी. वाचताना वाटलं, ही कोणाची आजी? माझी मोठी माय १९७२ च्या दुष्काळात विधवा झाली. दिरांनी पुढे केलेल्या कागदावर तिने अंगठा दिला नाही, कोर्टात गेली. रेल्वेने सुरतेला जाऊन साड्यांचं गाठोडं आणायची आणि गावोगाव उधारीवर विकायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून मधल्या खोलीच्या दाराआड कोळशाने रेघा मारायची. प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण वेगळी. मशेरी लावायची, तीही सगळ्यांसमोर. माझ्या मुलांना ती फोनवर ओरडून बोलणारी म्हातारी एवढीच माहीत आहे. काका म्हणतात, घरातली भांडणं चव्हाट्यावर नको. पोळ्याच्या आत घराला रंग द्यायचाय, त्या गडबडीत आहेत ते. काय करू?"

ताई, आधी ती दोन पानं बाजूला ठेवा. भावाला दोष देऊ नका. आपल्याकडे बाई गेली की गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक संपवायच्या विधीच्या, कार्डापर्यंत ती सोशिक झालेली असते. जिने उभ्या आयुष्यात कोणाचं काही सोसून घेतलं नाही, तीसुद्धा.

आता गावाकडे फोन लावा, पण "ती कशी होती?" असं विचारू नका. "लई चांगली होती" म्हणून लोक मोकळे होतात. "ती तुमच्याशी कशावरून भांडली होती?" असं विचारा. माझी धुळ्याची आत्या गेली तेव्हा मी हाच प्रश्न तिच्या किराणा दुकानदाराला विचारला. त्याने गिऱ्हाइकं थांबवून सांगितलं, की आत्याने एकदा ओलसर गूळ परत आणला, सगळ्यांदेखत त्याच्या गल्ल्यावर ठेवला आणि पैसे नकोत, चांगला गूळ दे म्हणाली. सांगताना माणूस हसत होता आणि डोळेही पुसत होता. घरच्यांकडून मला असलं काही मिळालं नव्हतं. तुमच्या मोठ्या मायच्या साड्या घेणाऱ्या बायका अजून असतील. त्यांना शोधा. हप्ता बुडवलेली एखादी सापडली तर फारच उत्तम.

काकांचं थोडं ऐका, सगळं नाही. दिरांची नातवंडं आज तुमच्याच फॅमिली ग्रुपवर असणार. कोणी कागद पुढे केला ते नाव म्युनिकच्या हॉलमध्ये घ्यायची गरज नाही. पण तिने अंगठा दिला नाही, हे गाळलंत तर सांगायला उरतं काय? मुलांना एवढंच समजवा, की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने वाटा दिला होता. कायदा होऊन सोळा वर्षं झाली होती, तरी गावात वाटा मागणाऱ्या बाईलाच वाईट म्हणत. तेरा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं. मशेरीचंही सांगा. डॉक्टर ओरडायचा तेही सांगा.

एक काम मात्र लगेच करा. शेताचा सातबारा आणि तिचं नाव लागलं तो फेरफार, म्हणजे त्या बदलाची नोंद, काढून घ्या. वारस नोंद झाली की तिच्या नावाला कंस पडतो, म्हणजे ते कमी होतं. ज्या कागदावर तिचं नाव सरळ उभं आहे, तो फ्रेम करण्यासारखा आहे. हार घातलेल्या फोटोपेक्षा मला तो जास्त तिचा वाटतो.

तिचे व्हॉइस मेसेज असतील तर आजच्या आज दुसरीकडे उतरवून ठेवा, प्रत्येकावर तारीख घालून. आत्याचे माझ्याकडे बरेच होते. फोन दुरुस्तीला दिला, दुकानदाराने तो कोरा करून परत दिला. त्यावर आणखी लिहवत नाही.

आणि तिची वाक्यं अहिराणीतच ठेवा. तुम्ही लिहिलंय, तिला जर्मनीला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "तठे माले कोन वयखस?" याचं "तिथे मला कोण ओळखतं" केलंत की त्यातला हेका गेला. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्यांनी उतरवून ठेवल्या, बहिणाबाई गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक झालं. उतरवणाऱ्यांनी त्यांची बोली पुण्या-मुंबईची केली असती तर आज तिच्यातलं काय उरलं असतं? मुलांना अर्थ जर्मनमधून सांगा हवं तर, पण वाक्य आधी तिचं म्हणा. पाठ होईल त्यांना, बघा.

जेवणाचं तुम्ही शेवटी विचारलंत, की मांडे भाजायचं मातीचं खापर मिळत नाही तर ते कसे करू. ताई, तिला मांडे करायला आवडायचे का? तुमच्याच पत्रात आहे, की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती पितरांसाठी घागर भरायची, विस्तवावर घास ठेवून आगारी टाकायची आणि मांडे शेजारणीकडून करून घ्यायची, बदल्यात ब्लाउज पीस द्यायची. मग उलट्या कढईवर हात भाजून घेण्यात काय अर्थ? कोणाकडून तरी करून घ्या, नाहीतर शेवभाजी करा. जाड तिखट शेव भारतातून येताना कोणीतरी आणलेली असतेच. रस्सा झणझणीत हवा, जर्मन शेजाऱ्यांना भाताबरोबर द्या.

वर्षश्राद्धाला वेळ आहे, भाषण नंतर लिहिता येईल. दाराआडच्या रेघांना तेवढा वेळ नाही. हे वाचून झाल्यावर काकांना फोन करा आणि रंगारी मधल्या खोलीत कधी शिरणार ते विचारा. भिंतीचे फोटो दिवसाउजेडी काढायला सांगा, बाजूने उजेड येईल असे, आणि प्रत्येक खुणेचा जवळून वेगळा. कोणती खूण कोणाची, हे सांगू शकणारी एखादी म्हातारी गल्लीत असेल, तिला खुर्ची टाकून त्या दारापाशी बसवा आणि फोन तिच्या हातात द्या.