कागद खोटा का पोरगी खोटी?

"मॅडम, आता तुम्हीच सांगा. कागद खोटा म्हणायचा का पोरगी खोटी?"

तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून विचारत होते. टेबलावर नैराश्य चाचपणाऱ्या प्रश्नावलीचे दोन कागद होते. दोन्हींवर त्यांच्या मुलीचं अक्षर, मध्ये आठ दिवसांचं अंतर. पहिला कॉलेजात भरलेला, एकूण गुण ६, नवव्या प्रश्नापुढे शून्य. दुसरा माझ्याकडे भरलेला, गुण १५, नवव्यापुढे २. मुलगी वीस वर्षांची, सांगलीत खोली घेऊन बी.एस्सी. करते. दुसरा कागद वडिलांना दाखवायला तिनं स्वतः होकार दिला होता. तो नसता तर मी दाखवला नसता. (इथले तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी तिला विचारलं आहे.)

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "गुण कमी आलेत, म्हणजे आता काळजी नाही ना?" किंवा "कॉलेजातून फोन आला, हाय रिस्क आहे म्हणाले, आता पोरीला एक मिनिट एकटं सोडायचं नाही का?" आकडा हातात पडला की आईवडिलांना रक्ताचा रिपोर्ट आल्यासारखं वाटतं. साखर इतकी, हिमोग्लोबिन इतकं, जीव देण्याचा धोका इतका.

ते कागद पीएचक्यू-९ चे होते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, सगळे मिळून जास्तीत जास्त २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की नैराश्याची नीट तपासणी करावी, असा संकेत. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. ही प्रश्नावली नैराश्य चाचपण्यासाठी बनली. पुढे कोण आत्महत्या करेल हे सांगायला ती बनलेलीच नाही. तरी त्या एका नवव्या प्रश्नावर पोरांचे निकाल लागताना मी पाहते, आणि मला ते सहन होत नाही.

दोन आकडे वेगळे का, हे मी मुलीला आधीच विचारलं होतं. ती म्हणाली, "हॉलमध्ये सगळ्या खेटून बसलो होतो. शेजारी रूममेट. कागदावर नाव, रोल नंबर. सर फिरून गोळा करत होते. तिथं कोण खरं लिहिणार?"

वडिलांना मी हेच सांगितलं. मोजमाप भरवशाचं आहे का, हे बघताना एक कसोटी अशी असते की त्याच माणसाला, तशाच परिस्थितीत, थोड्या दिवसांनी तेच प्रश्न विचारले तर उत्तर साधारण तेच यावं. दोन समुपदेशकांनी विचारलं तरी फार फरक पडू नये. आमच्या पुस्तकांत याला विश्वसनीयता म्हणतात. पण भरलेला हॉल आणि बंद दाराची खोली ही एकच परिस्थिती नव्हे. शिवाय मोजायची गोष्टच हलती आहे. जीव नकोसा वाटणं सकाळी असतं, दुपारी ओसरतं, रात्री अकराला परत दाटून येतं. आठ दिवसांत आकडा बदलला म्हणून मुलगी खोटी ठरत नाही.

"ते पटलं," ते म्हणाले. "पण दुसरा आकडा तरी खरा ना? पंधरा म्हणजे ती काही करेल का न्हाई, तेवढं सांगा."

मी त्यांना उलट विचारलं, "दादा, द्राक्षावरच्या दावण्या रोगाचा अलर्ट मोबाइलवर आला की तुम्ही काय करता?"

"बागेत जातो. पान उलटं करून बघतो."

"कुठल्या वेलीवर येणार, ते अलर्ट सांगतो?"

"ते कसं सांगंल?"

"आणि अलर्ट आलाच नाही, पण रात्री पाऊस पडला तर?"

"तरी फेरी असतीच की. छाटणी झाल्यावर पावसात घरात कोण बसतंय?"

पुढचं समजावणं मग सोपं गेलं. मोजमाप जे मोजतो म्हणतं तेच मोजतं का, आणि ज्या कामासाठी आपण ते वापरतो त्या कामाला ते पुरतं का, ही दुसरी कसोटी. तिला सप्रमाणता म्हणतात. अमेरिकेत २०१३ साली ८४ हजारांवर बाह्यरुग्णांच्या अशाच कागदांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नवव्या प्रश्नाला "अजिबात नाही" म्हणणाऱ्यांत पुढच्या वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न करणारे हजारी चार निघाले, आणि "जवळजवळ रोज" म्हणणाऱ्यांत शंभरी चार. दहापट. म्हणजे कागद आंधळा नाही, आणि तिनं लिहिलेला २ मी हलक्यात घेणार नव्हते. पण त्याच आकड्यांना उलट्या बाजूनं बघा. रोज विचार येतात म्हणणाऱ्या शंभरांतल्या ९६ जणांनी त्या वर्षात प्रयत्न केला नाही. आणि "अजिबात नाही" लिहिणारे संख्येनं इतके जास्त असतात की हजारी चार म्हटलं तरी माणसं बरीच होतात. ती सगळी शून्याच्या गठ्ठ्यात असतात, जिथं कुणी परत डोकावत नाही. इंग्लंडमधल्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच म्हटलं आहे, की अशा मोजपट्ट्या पुढच्या आत्महत्येचं भाकीत करायला वापरू नका, आणि उपचार कुणाला द्यायचे हेही त्यावरून ठरवू नका.

शून्याच्या गठ्ठ्याचं मला एवढं का लागतं, तेही सांगते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाचा कागद कमी गुणांचा आला म्हणून मी त्याला पंधरा दिवसांनी ये म्हणून पाठवलं होतं. चौथ्या दिवशी त्याचा मित्र त्याला घेऊन आला. वेळेवर आला, मुलगा आज ठीक आहे. पण कागदावरचं शून्य बघून मी जो प्रश्न तोंडानं विचारला नाही, तो मला अजून आठवतो.

आपल्या भाषेचाही एक गुंता आहे. "मेलेलं बरं" हे आपल्याकडे बोलण्यात किती सहज येतं! मार्केट यार्डात हळद निवडणाऱ्या एका आजींनी नवव्या प्रश्नाला तीन सांगितले. "देवानं उचलावं आता, दुसरं काय?" थोडं बसून बोलले तेव्हा कळलं, गुडघे सोसवत नव्हते, आणि त्याच तोंडानं त्या नातवाच्या जावळाची तयारी सांगत होत्या. तरी मी त्यांना नीट विचारलंच, कारण म्हाताऱ्या माणसांचं "उचलावं" दर वेळी बोलण्यापुरतंच असतं असं नाही. याउलट कॉलेजातला मुलगा "मस्त चाललंय" लिहून मोकळा होतो. त्यात नववा प्रश्न मरणाचा विचार आणि स्वतःला इजा करण्याचा विचार एकाच वाक्यात विचारतो, मग "हो" नेमकं कशाला, हे कागदावरून कळत नाही. कोलंबिया नावाची दुसरी मोजपट्टी ते वेगळं करते. मरून जावं असं वाटणं, जीव द्यायचा विचार, इरादा, योजना, पूर्वी काही केलं होतं का, असं पायरीपायरीनं. मला तिचा उपयोग होतो, कारण बोलताना एखादी पायरी गाळली जात नाही. उद्याचं मात्र तीही सांगू शकत नाही.

"असं उघड विचारल्यानं तिच्या डोक्यात नको ते भरणार न्हाई ना?" दादांनी आवाज खाली करून विचारलं. नाही. शांतपणे, सरळ विचारल्यानं विचार रुजत नाही. बहुतेकांना ओझं उतरल्यासारखं होतं. मग खरी भीती बाहेर आली. लिहून दिलंय, उद्या पोलिसांचं काही लागलं तर? विचार येणं हा मुळात गुन्हाच नाही. आणि प्रयत्न केलेल्या माणसावरही मानसिक ताण असल्याचं गृहीत धरून त्याला शिक्षा होऊ नये, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे. या भीतीपायी किती शून्यं लिहिली जात असतील, असं मला नेहमी वाटतं.

"मग हे कागद फाडू?"

"नको. पान उलटं करायला यांनीच सांगितलं की."

मुलीला आत बोलावलं. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी बसून एक वेगळा कागद लिहिला, तिच्या शब्दांत. वाईट वेळ येतेय हे तिला कशावरून कळतं (जेवणाचा डबा तसाच परत जातो, आईचा फोन उचलावासा वाटत नाही). तेव्हा ती एकटीनं काय करू शकते. कुणाकडे जाऊन बसायचं. मदत कुणाकडे मागायची. यात रूममेटचं नाव तिनं स्वतःहून घातलं. मग माझा नंबर, मानसोपचारतज्ज्ञांची परवाची वेळ, आणि रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. शेवटचा मुद्दा वडिलांसाठी होता. फवारणीची औषधं घरामागच्या खोलीत उघडी असायची. त्या खोलीला कुलूप लावायचं, किल्ली चुलत्याकडे. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी येत गेली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्येचा दर जवळजवळ निम्म्यावर आला. कुणाचे गुण किती, हे तिथं घरोघरी कुणी मोजत बसलं नव्हतं. दादांनी माझ्यासमोरच घरी फोन लावला.

मुलगी अजून दर पंधरवड्याला येते. गोळ्या चालू आहेत, कॉलेज चालू आहे. मागच्या वेळी तिनं कागद भरला, एकूण ७, नवव्यापुढे १. मी त्यावर बोट ठेवलं.

"खरं तर शून्य लिहिणार होते," ती म्हणाली. "मग वाटलं, शून्य बघून तुम्ही विचारणारच नाही."

"शून्य असतं तरी विचारलं असतं."

तिनं पेन खाली ठेवलं. "मंगळवारी रात्री आलं होतं मनात," म्हणाली, आणि सांगायला लागली.