दर तात्पुरता वाढला, तर तास वाढवावेत का?

प्रश्न: मी घरून ध्वनिमुद्रणं ऐकून टंकलेखन करते. मिनिटांवर पैसे मिळतात. पुढचे सहा आठवडे दीडपट दर मिळणार आहे, मग पुन्हा जुनाच. दोन वर्षांपूर्वी दर कायमचा वाढला, तेव्हा मी उलट रविवारचं काम बंद केलं. आता मात्र जास्त काम करावंसं वाटतंय. बहीण म्हणते, तुझं काही धड नाही. शिवाय रोजची ठरावीक रक्कम हाती आली की उठायची मला सवय आहे. ती चालू ठेवू का?

उत्तर: बहिणीला सांगा, तुमचं दोन्ही वेळचं वागणं अगदी धड आहे. कायमची वाढ मिळाली की पुढच्या सगळ्या वर्षांची कमाई वाढते. मग त्यातला थोडा भाग माणूस विश्रांतीवर खर्च करतो. तुम्ही रविवार मिळवलात. सहा आठवड्यांच्या वाढीने जन्माच्या कमाईत फारसा फरक पडत नाही. फक्त आत्ताचा तास नंतरच्या तासापेक्षा महाग होतो. म्हणून काम अलीकडे ओढायचं आणि विश्रांती पुढे ढकलायची.

आइसलंडमध्ये हे अख्ख्या देशाने करून पाहिलं. तिथे आदल्या वर्षाच्या कमाईवर कर भरायची पद्धत होती. 1988पासून तो चालू कमाईतूनच कापायचं ठरलं आणि 1987ची कमाई करातून सुटली. लोकांनी त्या वर्षी खरोखरच जास्त काम केलं.

तुमची रोजच्या रकमेची सवय मात्र या सहा आठवड्यांत सोडा. न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांवरचा 1997चा एक अभ्यास सांगत होता की बरेच चालक चांगल्या कमाईच्या दिवशी लवकर घरी जातात. पुढे अर्थतज्ज्ञ हेन्री फार्बर यांनी कितीतरी जास्त नोंदी तपासल्या, तेव्हा बहुतेक चालक अशा दिवशी जास्त वेळ गाडी चालवतात असं दिसलं. ठरावीक रक्कम धरून बसलात, तर दीडपट दराच्या दिवशी तुम्ही दोन-तृतीयांश वेळातच उठाल आणि साध्या दिवशी राबाल. नेमकं उलटं!

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. झ्युरिकमध्ये सायकलवरून पाकिटं पोचवणाऱ्यांचं कमिशन चार आठवडे 25 टक्क्यांनी वाढवलं होतं. त्यांनी पाळ्या पुष्कळ जास्त घेतल्या, पण एकेका पाळीतला जोर थोडा उतरला. हे वाचलं तेव्हा मला माझे मुद्रितशोधनाचे दिवस आठवले. फर्म्यामागे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या एका संचामागे, पैसे मिळायचे. एका हंगामात दर वाढला आणि मी रात्री दीड-दीडपर्यंत बसू लागले. शेवटच्या फर्म्यात एक ओळ दोनदा छापली गेली होती. पेन्सिलीचं टोक दोन्ही ओळींवरून फिरलेलं, खाली बारीक रेघही होती. डोळ्यांना मात्र काही दिसलं नव्हतं. तो फर्मा मी फुकट पुन्हा वाचून दिला.

म्हणून तास वाढवायचे ते सकाळी, किंवा रविवार तेवढ्यापुरता परत उघडून. रात्री ताणून नव्हे. अवघड आवाजाची मुद्रणं ताज्या कानांनी ऐका. आणि सातव्या आठवड्यातले चार दिवस आजच वहीत ‘बंद’ म्हणून लिहून टाका. पुढे ढकललेली विश्रांती तारीख घातल्याशिवाय मिळत नाही. मला त्या हंगामानंतर मिळाली नव्हती.