कांडीच्या स्टँडची चार बोटं

ताई, सस्नेह नमस्कार.

इचलकरंजीहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलाला दहावीला 86 टक्के आहेत, त्याला प्रॉडक्ट डिझाइन शिकायचंय, त्याच्या बाबांच्या मते डिझाइन म्हणजे चित्रं काढत बसणं; आणि तुम्ही विचारताय की अकरावीला हा विषय मिळतो कुठे, त्यासाठी आर्ट्स घ्यावं लागेल का.

पण पत्रात मध्येच तुम्ही जे सहज लिहून गेलात, तिथे मी थांबले. तुमच्या मागाच्या कारखान्यात कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या गुंडाळ्या, भरणाऱ्या मावशींना दिवसभर वाकून टोपली उचलावी लागते, म्हणून त्याने भंगारातल्या पाइपांचा स्टँड केला. मावशींनी तो दोन दिवसांत कोपऱ्यात सारला. मग हा त्यांच्याशेजारी जाऊन बसला, हात कुठवर पोचतो ते पाहिलं आणि वेल्डरकडून स्टँडचे पाय चार बोटं कापून आणले. आता तो रोज वापरात आहे. बाबांना सांगा, प्रॉडक्ट डिझाइन ते हेच. चित्र लागतंच, पण मनातली वस्तू वेल्डरला कळावी म्हणून.

आता विषयाचं. राज्य मंडळाच्या नेहमीच्या शाखांमध्ये प्रॉडक्ट डिझाइन असा विषय नसतो. त्याने काही अडत नाही. बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठीच्या आयआयटींची ‘यूसीड’ आणि एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) ‘डॅट’ या दोन्ही प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेतून देता येतात. तरी तुमच्या मुलाला मी गणितासह सायन्सच सुचवीन. भौतिकशास्त्र त्याला आवडतं असं तुम्ही लिहिलंय. शिवाय जागा फार थोड्या आहेत. यूसीडच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेतल्या सगळ्या संस्थांच्या मिळून अडीचशेच्या आसपास. तिथे नाही जमलं तर इंजिनिअरिंगचं दार उघडं असायला हवं. तुमच्याकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात मेकॅनिकल मेंटेनन्स हा द्विलक्षी (बायफोकल) म्हणजे हाताने काम शिकवणारा विषय आहे का, तेवढं विचारून या. 200 गुणांचा असतो, त्याच्या बदल्यात दुसरी भाषा आणि जीवशास्त्र सोडता येतं, आणि पाना-पक्कड अभ्यासाचा भाग म्हणून हातात येते. असला तर सोडू नका.

वेळेचं गणित मात्र नीट समजून घ्या. यूसीड बारावीच्या जानेवारीत असते, फॉर्म ऑक्टोबरच्या सुमाराला निघतात. महिन्याभरात बोर्ड. म्हणजे खरी तयारी अकरावीतच व्हायला हवी. यूसीडचा एक भाग संगणकावर असतो, दुसरा कागदावर चित्र काढून सोडवायचा. ही परीक्षा सलग दोन वर्षंच देता येते. एनआयडीच्या दुसऱ्या टप्प्यात तर दिलेल्या साहित्यातून वस्तू करून दाखवावी लागते. तुमच्या मुलाला मी तिथे बसलेला डोळ्यांसमोर पाहू शकते. महागड्या क्लासचे पैसे आताच भरू नका. यूसीडचे जुने पेपर त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, आधी दोन-तीन घरी सोडवू दे.

डिझाइनच्या फीबद्दल बाबांशी आजच बोला. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजपेक्षा ती बरीच जास्त आहे, आणि हे बारावीनंतर कळलं तर मूल मोडून पडतं. मी पाहिलंय.

त्याला एक बिनरेघांची जाड वही घेऊन द्या. आठवड्याला कारखान्यातली एक वस्तू: धोटा, बीम (सूत गुंडाळलेला मोठा रूळ) वाहायची गाडी, चहाची किटली. तीन बाजूंनी काढायची, मापं टाकायची, आणि ती वापरताना कुणाला काय त्रास होतो ते त्या माणसाच्याच शब्दांत लिहायचं. खोडरबर नको. चुकलेली रेघ तशीच राहू दे.

पहिल्या पानावर मावशींचा स्टँड येऊ दे. आताचाही, आणि त्यांनी कोपऱ्यात सारलेला, चार बोटं उंच होता तोही. दोन्हींचा फोटो मला नक्की पाठवा.