‘वाया’ लिहिलेला अर्धा तास

“मॅडम, मला फक्त वेळेचं नियोजन शिकवा. बाकी काही त्रास नाही.” खुर्चीत बसता बसताच त्या म्हणाल्या. वय बेचाळीस, नोकरी, शाळेत जाणारी दोन मुलं, वर्षभरापासून त्यांच्याकडेच राहायला आलेले वडील. दिवसभर पळूनही रात्री हाती काहीच लागत नाही, आयुष्य असंच निघून चाललंय असं वाटत राहतं, ही तक्रार. अशी तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला इतके जण येतात, की या बाईंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे.

आधी झोप कशी आहे, भूक लागते का, मन कशात रमतं का, हे विचारून घेतलं. ‘वेळ पुरत नाही’ या वाक्याआड कधी कधी नैराश्य दडलेलं असतं. अशा वेळी वेळापत्रक हातात देणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला धावायला सांगणं. इथे तसं दिसलं नाही.

त्यांनी पर्समधून डायरी काढली. प्रत्येक पानावर तेरा-चौदा कामं, आणि राहिलेली कामं दुसऱ्या दिवशीच्या पानावर लाल शाईने. एक काम सलग एकोणीस दिवस लाल शाईत होतं. मी म्हटलं, “आठवडाभर यादी करूच नका. जे कराल ते वेळेसकट लिहा आणि पुढे मनात येईल तो शेरा मारा. एखादं मोठं काम हाती घेताना किती वेळ लागेल, तो अंदाजही लिहा.” त्यांना हे फारसं पटलं नसावं, पण वही मात्र चोख लिहून आणली.

अंदाजांकडे पाहून त्यांना स्वतःलाच धक्का बसला होता. ‘एक तास’ म्हणून बसलेल्या मासिक अहवालाला दोन तास वीस मिनिटं लागली होती. हा काही त्यांचा एकटीचा दोष नाही. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक. त्यामुळे ज्या यादीत चौदा कामं कोंबलेली असतात, ती सकाळीच हरलेली असते, आणि रात्री माणसाला वाटतं की आपण आळशी आहोत. हे ऐकल्यावर त्यांचे खांदे जरा सैल झाले.

मग आम्ही आठवड्याचे १६८ तास मांडले. झोपेचे ४९, नोकरी आणि प्रवासाचे ५५, घरकामाचे साधारण ३०. उरले ३४. “शक्यच नाही!” त्या जवळजवळ ओरडल्याच. पण वहीत ते होते, फक्त दहा-दहा मिनिटांच्या चुऱ्यात.

मी पान उलटलं आणि एका ओळीवर थांबले. एका रात्री, सव्वानऊ ते पावणेदहा : ‘बाबांजवळ गॅलरीत’. पुढे शेरा, ‘वाया’. त्याच्याच खाली, पावणेदहा ते साडेदहा : ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज. शेरा, ‘काम’.

“हे वाया का?”

“काही झालंच नाही ना त्यात. ते त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होते, मी नुसती बसले होते.”

“कसं वाटत होतं तेव्हा?”

त्या बराच वेळ वहीकडेच बघत राहिल्या. “बरं वाटत होतं,” आवाज बारीक झाला, “आठवड्यात तेवढंच बरं वाटलं.”

मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. जे दुसरं कुणी मागतं, मोजतं, ज्यावर उत्तराची वाट बघतं, तेच काम, आणि जे कुणी मागत नाही ते वाया, असा हिशेब त्यांच्या मनात कधी पक्का झाला, हे त्यांनाही सांगता आलं नाही. वेळेचं नियोजन शिकायला आलेल्या या बाईंकडे नियोजन भरपूर होतं. कुठल्या तासाची किंमत काय, हे मात्र त्या दुसऱ्यांना ठरवू देत होत्या.

पुढच्या भेटींमध्ये आम्ही फार थोडं बदललं. यादी चार कामांवर आणली. प्रत्येक अंदाज दुप्पट धरायचा ठरवला. मेसेज दिवसातून दोन ठरलेल्या वेळीच बघायचे. तीन मिनिटांचा मेसेज तीन मिनिटांत संपत नाही. सोफी लरॉय यांच्या २००९ मधल्या संशोधनात हेच दिसलं होतं : काम अर्धवट सोडून दुसरीकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. आणि एकोणीस दिवस लाल शाईत राहिलेलं काम आम्ही सरळ खोडून टाकलं. ते एका नातेवाइकासाठी करायचं कबूल केलेलं होतं. “जमणार नाही” हे फोनवर सांगायला त्यांना दोन मिनिटं लागली. त्याआधी दोन दिवस पोटात गोळा होता, तो वेगळा.

सव्वानऊला फोन आता आतल्या खोलीत, कपाटाच्या खणात असतो. पहिल्या दिवशी वडिलांनी विचारलं म्हणे, “आज फोन बिघडला का गं?”

बुधवार अजून जमत नाही. त्या रात्री साहेबांची ऑनलाइन मीटिंग असते आणि तिला नाही म्हणायचं धाडस त्यांना अजून होत नाही. सध्या आमचं त्याच्यावरच चाललंय.