जर्मन मॅनेजरशी कसं जमवायचं

तू विचारलंयस की पुण्याहून स्टुटगार्टला जॉइन होतोयस, मॅनेजर जर्मन आहे, त्याच्याशी जमेल ना. मी इथे 8 वर्षं आहे, माझी पहिली फजिती सांगतो, त्यातच बरंचसं येईल.

तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरने विचारलं, गुरुवारपर्यंत टेस्ट रिपोर्ट होईल का? लायसन्स आलं नव्हतं, सेटअप अडकलेला, मला माहीत होतं, तरी सवयीने तोंडातून "हो हो, होऊन जाईल" गेलंच. आपल्याकडे या "होऊन जाईल"चा अर्थ समोरच्याला बरोब्बर कळतो, तो बुधवारी दोनदा फोन करतो. इथे कोणी फोन केला नाही. गुरुवारी 10 ला त्याने कस्टमरसमोर स्क्रीन शेअर करून माझा फोल्डर उघडला, आत काहीच नाही. ओरडला नाही, नंतर एवढंच म्हणाला की तारीख मी बदलून घेतली असती, पण मला आधी कळायला नको? त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

तेव्हापासून काही अडलं की त्याच दिवशी दोन ओळींची मेल, काय अडलंय आणि नवी तारीख कुठली. जमणार नसेल तर सरळ नाही म्हण, खरंच राग येत नाही. तोही तुझं डिझाइन सगळ्यांसमोर "हे चुकलंय" म्हणेल आणि 12 वाजता तुझ्याच शेजारी बसून जेवेल, मनाला लावून घेऊ नकोस (मी सहा महिने लावून घेतलं).

सर-बिर नको. तो स्वतः 'डू' (जर्मनमधलं 'तू') म्हणेपर्यंत 'झी' ('तुम्ही') आणि आडनाव. रात्री 10 ला मेल टाकून इंप्रेशन पडत नाही, कायद्यानेच आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत 11 तासांची विश्रांती लागते, उलट विचारेल की काम जास्त होतंय का.

प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन, जास्तीत जास्त 6 महिने, त्यात 2 आठवड्यांच्या नोटिशीवर दोघांपैकी कोणीही मोकळं होऊ शकतं. म्हणून तिसऱ्या महिन्यात आपणहून फीडबॅक माग, कोणी बोलवायची वाट बघू नकोस.

आणि मॅनेजर बदलणार असं कानावर आलं की जुन्याकडून लगेच त्सविशनत्सोयग्निस मागून घे, नोकरी चालू असतानाच मिळणारं कामाचं सर्टिफिकेट असतं ते, आणि त्यातले ठरलेले शब्द म्हणजे ग्रेडच. त्यात नुसतं "पूर्ण समाधान" लिहिलं असेल तर ते ठीकठाकच समज, "नेहमी" आणि "पूर्णतम" दोन्ही असतील तर भारी. मी मागितलंच नव्हतं, आणि नवीन मॅनेजर बाईंना मी दोन वर्षं काय केलं ते पहिल्यापासून सांगत बसावं लागलं.